दुमडीवरचा मजकूर

१५ ऑगस्ट १९७२ला टपालखात्यानं पिनकोड सुरू केला. आत्यानं जपून ठेवलेल्या त्या सालच्या आंतरदेशीय पत्रांपैकी एकावरही तो आकडा नाही. निर्वासित साहाय्याचं ५ पैशांचं तिकीट मात्र आहे. बांगलादेशातून आलेल्या माणसांसाठीचा हा कर १९७१च्या नोव्हेंबरपासून १९७३च्या मार्चपर्यंत होता. माणदेशातला दुष्काळानं पिचलेला शेतकरी लेकीला पत्र टाकताना तोही भरत होता.

आत्या साताऱ्याला कॉलेजात होती, घर म्हसवडकडच्या वस्तीवर. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडला की ई. बी. सी. सवलतीत फी माफ व्हायची. पण मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला लागत. ते मनीऑर्डरनं जायचे. बाकी सगळं पत्रातून.

आजोबांना सहीपुरतंच लिहिता यायचं. ते सांगत आणि सातवीत शिकणारे माझे वडील लिहीत. ‘इकडील सर्व क्षेम आहे. जनावरं बरी आहेत. आमची काळजी न करता अभ्यास करणे.’ महिनोन्महिने हाच मजकूर, फक्त तारीख वेगळी.

तेव्हा आजोबा पाझर तलावाच्या कामावर माती उपसत होते आणि आजी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होती. मे १९७३मध्ये राज्यभर अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. स्वतःच्या नावावर सातबारा असलेला माणूस मुकादमाच्या हजेरीपटावर मजूर म्हणून उभा राहिला, हे आजोबांना फार लागलं होतं. त्यावर ते कधी बोलले नाहीत. सांगायची ती आजी. “बाहात्तरला इहिरीला पाणी व्हतं गं, पन दाणा न्हवता.” सरकारी दुकानातल्या तांबड्या मिलोची भाकर थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे हातात यायचे. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची, वडिलांसाठी.

यातलं अक्षरही पत्रांत नाही. त्या दुष्काळावर अहवाल पुष्कळ झाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, वि. स. पागे यांचं नाव त्यासाठी आजही आदरानं घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण एका मुलीचं शिक्षण सुटू नये म्हणून घरातल्या माणसांनी तिच्यापासून अख्खा दुष्काळ कसा झाकून ठेवला, ते मला या निळ्या कागदांतच वाचायला मिळालं. हाही त्या सालाचा इतिहासच आहे असं मी मानते.

वडिलांना मात्र ते झाकणं जमेना. पत्र डकवायच्या आधी दुमडीवर, खळ लावायच्या जागेच्या अलीकडे अर्ध्या बोटाची पट्टी कोरी राहायची. तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत ते आपलं लिहीत. एका दुमडीवर आहे : ‘जोडीतला डावा बैल खरसुंडीला विकला. मेसचे पैसे त्याचेच. तुला कळवू नको म्हणाले आहेत.’ खिलार जोडी ही त्या घराची सगळी पत होती. चारा नाही म्हणून जो तो जनावरं बाजारात नेत होता. आला तो भाव घ्यावा लागला.

आत्यानं उलट टपाली कळवलं, मी येते, आईबरोबर खडी फोडीन. तिची पत्रं घरी राहिली नाहीत, पण हे वाक्य वडिलांना पाठ आहे. उत्तर आलं ते शाळेतल्या गुरुजींच्या हातचं. असं पत्र पोराकडून लिहवून घ्यायला आजोबांना अवघड वाटलं असावं. ‘बैल पुढल्या साली घेता येईल. तुझं वर्ष गेलं तर ते कुठल्या बाजारात मिळायचं? आमच्या जिवाला घोर लावू नकोस. परीक्षा झाल्याशिवाय गाडीत बसायचं नाही.’

त्यानंतर आजोबांनी लपवणं सोडलं. किती हजेरी भरली, किती उधारी राहिली, सगळं ते लेकीला सांगू लागले. १९७३च्या पावसाळ्यातलं पत्र पुन्हा वडिलांच्या अक्षरात आहे : ‘पाऊस चांगला आहे. शेजाऱ्याशी सावड करून बाजरी पेरली. त्याचा बैल अंगानं लहान, त्यामुळे पाभर एका अंगाला ओढते, तास वाकडे पडले. उगवण बरी आहे. या महिन्याचे पैसे आठ दिवस उशिरा येतील, मेसमध्ये तसं सांगून ठेवणे.’