पोटातलं पाणी

आमच्या बीड जिल्ह्यात पोहायला शिकायचं ते विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि कुणीतरी मागून ढकलून द्यायचं. कुणी बुडालंच, तर काय करायचं तेही ऐकून पाठ होतं : पालथं घाला, पोट दाबा, पाणी काढा.

हा समज एकट्या आपला नाही. अठराव्या शतकात युरोपातही बुडालेल्याला उलटं टांगत, पिंपावर पालथं घालून लोळवत. 1767 मध्ये कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्थाच निघाली. तोंडाने श्वास द्या, असं ती सांगायची. आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडा, असंही! यातला खरा उपाय पुढे मागे पडला. 1950 च्या दशकात पीटर साफर यांनी तो प्रयोगांनी सिद्ध केला. 1960 मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी छाती दाबून रक्त फिरतं ठेवता येतं हे दाखवलं. दोन्ही मिळून झालं सीपीआर.

बुडालेला माणूस दगावतो तो ऑक्सिजनवाचून. पोटातल्या पाण्यामुळे नव्हे. पोट दाबलं तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, शिवाय मोलाची मिनिटं जातात. म्हणून श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास, मग छातीवर 30 दाब, पुन्हा 2 श्वास, मदत येईपर्यंत.

हवेची टाकी घेऊन उतरणाऱ्या पाणबुड्यांना याहून जास्त शिकावं लागतं. 10 मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा वर येईतो दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. जोडीदाराशिवाय उतरायचं नाही. जाळं कापायला चाकू जवळ हवा. आणि सगळ्यात आधी : वाचवणारा स्वतः सुरक्षित हवा.

हा शेवटचा नियम किती कठीण, ते सप्टेंबर 2022 मध्ये आमच्या जिल्ह्याने पाहिलं. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात पोहायला गेलेले एक डॉक्टर बुडाले. त्यांना शोधायला कोल्हापूरहून पथक आलं. त्यातला एक तरुण जवान पाण्यात उतरला आणि मासेमारीच्या जाळ्यात अडकून तोही गेला. पाठीवर टाकी होती, पाण्याची सवय होती, तरीही.

आपण तर कुणाची हाक ऐकली की अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतो. त्याला धाडस म्हणतो. बुडणारा मात्र जीवाच्या आकांताने मिठी मारतो आणि दोघंही खाली जातात.

आमच्या विहिरीच्या कडेला आता झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन लांब दोराला बांधून ठेवलाय. उडी मारायच्या आधी तो फेकायचा.