नाशिकची प्राणवायू दुर्घटना आणि वायूंचा नियम

१/ २१ एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या आवारात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. सुमारे अर्धा तास पुरवठा विस्कळीत राहिला आणि किमान २२ रुग्णांना प्राण गमवावे लागले.

२/ गळती आवारात झाली, मृत्यू मात्र वॉर्डात झाले. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे वायूचा दाब. या दुव्याचा शोध साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू झाला.

३/ १६६२ मध्ये रॉबर्ट बॉइल यांनी दाखवले की, तापमान स्थिर असता दाब दुप्पट केल्यास वायूचे आकारमान निम्मे होते. १८०२ मध्ये गे-लुसॅक यांनी तापमान व आकारमान यांचा संबंध प्रसिद्ध केला.

४/ १८११ मध्ये आव्होगाड्रो यांनी मांडले की, समान दाब व तापमान असता समान आकारमानात रेणूंची संख्याही समान असते. १८३४ मध्ये क्लापेरॉन यांनी बॉइल व गे-लुसॅक यांचे नियम एका समीकरणात गुंफले. पुढे त्यात वायूचे प्रमाणही आले. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार हा वायूचे प्रमाण आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराशी समप्रमाणात असतो.

५/ रुग्णालयातील जंबो सिलिंडर हे याचे सोपे उदाहरण. त्याचे आकारमान सुमारे ४७ लिटर. वातावरणाच्या दीडशेपट दाबाने भरल्यावर त्यात सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. काटा निम्म्यावर आला, की निम्मा वायू संपला असे समजावे.

६/ द्रवरूप ऑक्सिजनची गोष्ट निराळी. १८८३ मध्ये क्राकुव्ह येथे व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी तो मोजता येईल इतक्या प्रमाणात मिळवला. तो उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या १ लिटरपासून सामान्य तापमानाला सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. म्हणूनच मोठी रुग्णालये टाकी बसवतात.

७/ परंतु टाकीत द्रव शिल्लक असेपर्यंत केवळ दाबावरून साठा कळत नाही. पातळी पाहावी लागते. घरातील गॅस सिलिंडर वजन करून तपासतात, तो याच कारणाने.

८/ त्या दिवशी आवारात दिसलेले पांढरे लोट धुराचे नव्हते. ऑक्सिजन वायू रंगहीन असतो. अतिशीत ऑक्सिजनमुळे हवेतील बाष्प गोठून ते धुके तयार झाले होते.

९/ आता वॉर्डाकडे वळू. नळ्यांचे आकारमान ठरलेले आणि तापमान जवळपास स्थिर. रुग्ण श्वास घेत राहतात; मागून वायू येत नाही. नळ्यांतील वायूचे प्रमाण घटते, त्याच प्रमाणात दाबही उतरतो. व्हेंटिलेटरला ठरावीक दाब लागतो. तो न मिळाल्यास यंत्र निरुपयोगी ठरते.

१०/ सिलिंडर आणून हे निभावले असते का? एक हिशेब करून पाहू. १०० रुग्णांना प्रत्येकी मिनिटाला १० लिटर लागतात असे धरले, तर मिनिटाला १,००० लिटर हवेत. म्हणजे एक जंबो सिलिंडर अवघी सात मिनिटे पुरतो. अर्ध्या तासाला चारांहून अधिक सिलिंडर लागतील, आणि तेही आधीच नळीला जोडलेले हवेत.

११/ तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले. मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली.

१२/ राखीव साठा किती मिनिटे टिकेल, हे एका भागाकाराने आधीच कळू शकते. हा भागाकार संकटापूर्वी मांडलेला असेल आणि राखीव सिलिंडर नळीला जोडलेले असतील, तरच तो रुग्णाच्या कामी येतो.