मुंबईचे ६६ जवान आणि धारणीचे मुंडा खांब

१/५
१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही.

२/५
दुपारी कापसाने पेट घेतला. आग विझवण्यासाठी अग्निशमन दलाचे जवान धावले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले.

३/५
भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

४/५
दिवंगतांना सर्वांच्या नजरेसमोर उभे करण्याची रीत मेळघाटातही आहे. धारणी परिसरातील कोरकू समाज ‘सिडोली’ विधीत पूर्वजांसाठी कोरीव सागवानी खांब रोवतो. त्याला ‘मुंडा’ म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात.

५/५
वीरगळ रणात पडलेल्यांचा. भायखळ्याचे स्मारक कर्तव्यावर गेलेल्यांचे. मुंडा मात्र घरच्या साध्या माणसाचाही असतो. परंतु सागवानही अखेर लाकूडच. ऊनपावसात ते झिजते. म्हणून प्रत्येक खांबामागील कुटुंबाची आठवण आजच नोंदवून ठेवणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे तातडीचे काम आहे.