काडतुसाचा कागद

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांनी 'कार्ट्रिज पेपर' हाताळलेला असतो. जाडसर, किंचित खरखरीत आणि पाण्याचा हात सोसणारा हा कागद. त्याचे नाव बंदुकीच्या काडतुसावरून पडले, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. मराठीतला 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ आहे कागदाची पुडी. म्हणजे धातूचे काडतूस येण्यापूर्वी काडतूस ही कागदाचीच वस्तू होती. एका गोळीची दारू मोजून भरलेली, गोळीसकट वळलेली ती एक नळी असे.

१८५७च्या उठावाची कारणे सांगताना आपण या नळीला लावलेल्या चरबीपाशी येऊन थांबतो. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची हकिकत आहेच. परंतु त्या वर्षीच्या चौकशीत शिपायांनी दिलेल्या जबान्या पाहिल्या, तर त्यांचा संशय चरबीइतकाच, किंबहुना काही वेळा अधिक, कागदावर होता असे दिसते.

या कागदाकडून अपेक्षा परस्परविरोधी होत्या. दारू सांडू नये, कमरेच्या पेटीत नळी चुरगळू नये, म्हणून तो मजबूत हवा. आणि ऐन लढाईत दातांनी एका झटक्यात फाटावा, इतका तो पातळही हवा. जुन्या 'ब्राउन बेस' बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच होता. तिच्यात गोळी सैलसर बसे, त्यामुळे कागद जाड असला तरी चालून जाई. १८५३च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीचा व्यास होता ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८. मधली फट इंचाच्या नऊ हजारांशाची. त्यातच गोळी कागदाच्या वेढ्यासह आत ठासायची. जुना जाड कागद इथे अडकलाच असता. म्हणून नव्या काडतुसासाठी कागदाचे तीन तुकडे ठरले: दारूभोवती एक ताठ तुकडा, त्यावर एक पातळ वेढा आणि गोळीसकट सगळे कवेत घेणारे तितकेच पातळ पण चिवट बाहेरचे आवरण. गोळी सहज सरकावी आणि जळालेल्या दारूची राख नळीत घट्ट बसू नये, म्हणून गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेणाचे मिश्रण लावले जाई.

कारागिराच्या दृष्टीने ही निवड चोख होती. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे जानेवारी १८५७मध्ये चरबीची कुजबुज सुरू झाली, तेव्हा सरकारने उत्तरही लगेच दिले. २७ जानेवारीच्या हुकुमाने काडतुसे कोरडी द्यावीत आणि शिपायांनी आपापल्या पसंतीचे वंगण लावावे असे ठरले. प्रश्न चरबीचा असता, तर तो इथेच मिटायला हवा होता.

६ फेब्रुवारीला बराकपूरला चौकशी बसली. तिथे शिपायांनी कागद पुढे केला. हा आमच्या नेहमीच्या कागदासारखा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तो चकाकतो, ताठ आहे, फाडताना कापडासारखा वाटतो. दिव्यावर धरला तर चरचरतो आणि वास येतो. कलकत्त्याच्या सरकारी रासायनिक परीक्षकाने कागद तपासला आणि त्यात स्निग्ध पदार्थ नाही असा निर्वाळा दिला. तो खराही होता. कागदाला ताठपणा आणि चकाकी चरबीशिवायही येते, ती त्याला दिलेल्या खळीमुळे आणि घोटाईमुळे. पण ज्याला तो ओठांत धरायचा होता, त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. डोळा, बोट, नाक आणि दिव्याची ज्योत, एवढीच त्याची साधने होती. त्या साधनांनी पाहता, कागद खरोखरच वेगळा होता.

शिवाय निर्वाळा देणाऱ्या सरकारची पत आधीच गेली होती. नव्या काडतुसांना लावायची चरबी कोणत्या जनावराची असावी, याबाबत शस्त्रागारात खास दक्षता घेतली गेली नव्हती, हे लष्करी अधिकाऱ्यांनीच मान्य केले होते. एका बाबतीत ज्यांनी विचारपूस केली नाही, त्यांचा दुसऱ्या बाबतीतला शब्द कुणी का मानावा?

पुढचा क्रम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९व्या पलटणीने काडतुसे नाकारली. ती जुन्या बंदुकीची, नेहमीचीच होती. पण त्यांच्या कागदाच्या छटा एकसारख्या नव्हत्या, आणि तेवढे पुरले. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसांना हात लावला नाही. तीही नवी, चरबी लावलेली नव्हती. दरम्यान, काडतूस दातांऐवजी बोटांनी फाडण्याची कवायतही लागू झाली होती. ९ मे रोजी त्या ८५ जणांना भर पलटणीसमोर बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मेला मेरठ पेटले.

एका कागदामुळे राज्य हादरले, असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. अवध खालसा झाले होते, परमुलखातल्या चाकरीच्या अटी बदलल्या होत्या, भत्त्यांची कुरबुर जुनीच होती. पण या साऱ्या अविश्वासाला हातात धरता येईल असे रूप कागदाने दिले. निवड करणाऱ्यांनी नळीचा व्यास मोजला, कागदाची जाडी मोजली, गोळीची घसरण मोजली. तो कागद रोज कुणाच्या तोंडाला लागणार आहे, हे त्यांच्या मोजमापात नव्हते. नंतर सवलती आल्या, खुलासे आले, पण ते बहुतांशी चरबीविषयी होते.

१८६६पासून स्नायडर रायफल आली, तिच्यासोबत धातूचे काडतूस आले आणि दातांनी फाडायची नळी लष्करातून हळूहळू गेली. कागदाचे नाव तेवढे मागे राहिले. चित्रकलेच्या तासाला मुले तो गुंडाळून, रबर लावून नेतात, तेव्हा त्यांच्या हातात पुन्हा एक कागदाची नळीच असते.