वाडवडिलांचे देणे आणि आईचे ताट

अंगाने सुटलेल्या माणसाविषयी आपण दोनच निवाडे देतो. एक, घराण्याचाच बांधा तसा. दुसरा, जिभेवर ताबा नाही. इतिहास पाहिला तर दोन्ही अपुरे ठरतात.

१९६२ साली जेम्स नील या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने असा तर्क मांडला की, भुकेच्या काळात चरबी साठवून जी शरीरे तगली, त्यांचेच वंशज सुबत्तेत मधुमेहाला बळी पडतात. १८९९-१९०० चा दुष्काळ सोसलेल्या आपल्या खानदेशाला हा तर्क चटकन पटेल. परंतु तो आजही वादग्रस्त आहे; शिवाय एकदोन दुष्काळांनी जनुके बदलत नाहीत. २००७ साली युरोपात एफटीओ या जनुकाचा स्थूलतेशी संबंध आढळला, तेव्हा त्याच्या दोन्ही प्रती वाढ घडवणाऱ्या असलेल्या माणसांचे वजन सरासरी केवळ तीनेक किलोंनीच अधिक भरले. मग उरलेला वारसा कोठला?

त्याचा एक धागा पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून तेथील गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. त्यांची बालके सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. मात्र उणीव होती ती मुख्यतः स्नायूंत. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, आतून स्थूल! अशा देहाला पुढे बैठे काम, साखर आणि तेलकट फराळ मिळाला की मधुमेह दाराशी येतो.

मेंदूची कथाही तीच. निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांत ते अगदीच कमी, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधानाच्या व स्मरणाच्या काही कसोट्यांत मागे पडली. हे अध्ययन २००८ साली प्रसिद्ध झाले.

पुणे म्हणजे खानदेश नव्हे, हे खरे. पण ज्वारी-बाजरीची भाकरी आणि सर्वांच्या मागून जेवणारी सून दोन्हीकडे ओळखीची आहे. आपल्या कळण्याच्या भाकरीत सत्त्व पुष्कळ. तथापि ब-१२ तीत नाही. ते दूध, दही, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते, आणि नेमके तेच पदार्थ सुनेच्या ताटापर्यंत येता येता संपतात.

जनुके आपण निवडू शकत नाही. घरात आधी कोणाला वाढायचे, हे मात्र आपल्याच हाती आहे. नातवाच्या बुद्धीची आणि बांध्याची चिंता वाहणाऱ्यांनी आज सुनेच्या व लेकीच्या ताटात काय पडते, ते पाहावे.