वेसाव्याचा गळ आणि डोल

वेसाव्याचें नांव इतिहासांत येतें तें बहुधा किल्ल्याच्या निमित्तानें. तो मराठ्यांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून घेतला. १७७४ त इंग्रजांच्या हातीं गेला. बखरकारांस तेवढें पुरतें. कोळ्यावर मात्र हुकूम चाले तो भरती-ओहोटीचाच. डोल हें पिशवीसारखें जाळें. खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशीं धरलें म्हणजे बोंबील आपण होऊन आंत येतो. हेकरू या युक्तीला वश नाहीं. तो खडपांतील कपारींत राहणारा. त्याला गळच हवा. अटलांटिकांतील खडकांवर याच कुळांतील माशांसाठीं हौशी लोक भाड्याच्या नौका करून जातात. येथें तो पोटाचा धंदा.

हेकरूच्या पुष्कळ जातींत मासा प्रथम मादी असतो व वाढल्यावर नर होतो. अर्थात् मोठे मासे वेंचले गेले कीं नरांचाच तुटवडा पडतो. गळ एकेक मासा काढी; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आलेले ट्रॉलर तळच खरवडूं लागले. किनाऱ्यालगत त्यांना मज्जाव करतां येईल असा कायदा महाराष्ट्रांत १९८१ मध्यें झाला. तो अमलांत यावा म्हणून कोळ्यांना अद्यापि भांडावें लागतें.