अडलेले उदाहरण



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने पदार्थविज्ञान आणि रसायन यांविषयी बोलावे, हा काहींना अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते याच दोन विषयांचे शिक्षक होते, आणि शाळा सुटल्यावर अडलेले उदाहरण घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी कधी परत पाठविले नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा विषय तोच घेतो. शास्त्र नव्याने शिकणाऱ्याचे अडले, तर त्याने कोणाकडे जावे, आणि ती मदत त्याला कोणत्या भाषेत मिळावी? या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचा एक धागा मराठी ग्रंथव्यवहारातून, तर दुसरा आपल्या बडोद्यातून जातो.

आरंभ मात्र लंडनपासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांची रसायनावरील व्याख्याने गाजत होती. श्रोत्यांत जेन मार्सेट नावाच्या एक बाई असत. डेव्हींचे प्रयोग पाहून त्या थक्क होत. पण व्याख्यान इतक्या वेगाने पुढे जाई, की पुष्कळसे हातून निसटे. पुढे एका स्नेह्याशी त्याच विषयावर बोलताना आणि प्रयोग पुन्हा करून पाहताना त्यांना सारे उमगू लागले. प्रश्न विचारता आला की समजते, हा त्यांचा अनुभव. त्यातून १८०६ साली ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे पुस्तक निघाले, तेही निनावी. एक शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन या दोन मुली यांचा तो संवाद आहे. एमिली शांत, अभ्यासू. कॅरोलाइन उतावळी, मध्येच शंका काढणारी. माझ्या मते पुस्तकाचे यश या कॅरोलाइनचे आहे. वाचकाला जे विचारण्याची लाज वाटते, ते ती विचारून टाकते.

त्याच लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात लोहाराचा मुलगा उमेदवारी करीत होता. मायकेल फॅरडे (१७९१–१८६७) हे त्याचे नाव. त्याचे शालेय शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते झाले होते. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाची, आणि त्यांत मार्सेटबाईंचे हे पुस्तकही होते. त्यातली विधाने त्याने डोळे मिटून मान्य केली नाहीत. आपल्या ऐपतीत बसतील असे लहानसहान प्रयोग करून ती पडताळून पाहिली. याची कबुली त्याने बाईंच्या निधनानंतर १८५८ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात कृतज्ञतेने दिली आहे. सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीच्या व्याख्यानांना एक शिलिंग पडे, तो त्याचा थोरला भाऊ देई. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. ऐकलेले सारे त्याने स्वच्छ लिहून काढले, स्वतः बांधले आणि डेव्हींकडे पाठविले. १८१३ च्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाला. विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा त्याचा शोध १८३१ सालचा. आपल्या घरातील वीज ज्या जनित्रातून येते, ते त्याच तत्त्वावर चालते.

या कथेत भावाचा शिलिंग, गिऱ्हाइकाची तिकिटे आणि एका बाईचे पुस्तक एवढीच मदत दिसते. कोणी त्याला उत्तरे लिहून दिली नाहीत. आणखी एक गोष्ट भाषेच्या माणसाला विशेष वाटते. फॅरडेला गणित जवळजवळ येत नव्हते. १८५७ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याने तरुण मॅक्सवेलला पत्र लिहून विनंती केली, की गणितज्ञांनी आपले निष्कर्ष सूत्रांबरोबरच साध्या भाषेतही सांगावेत, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यांवर प्रयोग करता येतील. एवढ्या थोर शास्त्रज्ञाला हे विचारताना संकोच वाटला नाही.

आता मुंबईकडे येऊ. हरि केशवजी पाठारे (१८०४–१८५८) यांनी १८३३ साली ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ आणि १८३७ साली ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ ही पुस्तके मराठीत आणली. मार्सेटबाईंनी इंग्रजीत रूढ केलेला प्रश्नोत्तरांचा साचा त्यांनी मराठीला दिला. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या दोन दशके आधी मराठीत रसायनावर संवाद छापला जात होता, हे आपण विसरतो. ‘सिद्धपदार्थ’ हा शब्द आज हास्यास्पद वाटेल. पण शास्त्राचे नावसुद्धा घडवायचे होते, तेव्हाचा तो शब्द आहे. पुढे ‘पदार्थविज्ञान’ आले, मग ‘भौतिकशास्त्र’. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाने आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी हे काम पुढे नेले. मोडकांचे ग्रंथ अधिक शिस्तशीर आहेत यात शंका नाही. परंतु परीक्षा आल्या आणि शंका काढणारी कॅरोलाइन पाठ्यपुस्तकातून गेली. व्याख्या, नियम, सिद्धता आणि शेवटी उदाहरणे, हा क्रम पक्का झाला. ती उदाहरणे अडू लागली, तेव्हा शिकवणी आणि मार्गदर्शिका जन्मास आल्या.

बडोद्यात निराळा प्रयत्न झाला. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केले. त्याचे सूत्रधार प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) हे बडोदा कॉलेजात रसायन शिकवीत. (मुंबईतील राणीच्या पुतळ्याला १८९६ साली चाफेकर बंधूंनी फासलेले डांबर पुढे ज्यांनी उतरविले, ते हेच गज्जर. रसायन कोणाच्या बाजूचे नसते!) रंगकाम करणाऱ्याला रंगाचे रसायन त्याच्या भाषेत कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह, आणि त्यासाठी गुजरातीतून शिक्षण व पुस्तके यांची योजना त्यांनी आखली. पहिल्या वर्षीच आलेल्या विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे मराठी तरुणही होते. छायाचित्रणाची विद्या त्यांनी येथे आत्मसात केली. १९४९ साली कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेत विलीन झाले. १९१० नंतर बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या हातून ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत गेली. शाळा सुटल्यावर मदत कोठे मिळेल, याचा विचार त्या राज्याने केला होता.

आता आपल्या घरांकडे वळतो. बडोद्याचा मराठी मुलगा आज बहुधा गुजरातीतून अथवा इंग्रजीतून शिकतो, आणि मराठीतून शिकलेली आई किंवा आजोबा त्याचा गृहपाठ घेतात. गुजराती पुस्तकात प्रश्न असतो: अठरा ग्रॅम पाण्यात किती अणू? मराठीत शिकलेले आजोबा ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्मतम कण समजतात. पाण्याच्या एका रेणूत तीन अणू, म्हणून ते अ‍ॅव्होगाड्रोच्या संख्येची, म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात हिची, तिप्पट करतात. गुजरातीत मात्र ‘परमाणू’ म्हणजे आपला अणू आणि ‘अणू’ म्हणजे आपला रेणू. हिंदी व कन्नडमध्येही तसेच. म्हणजे इंदूर आणि बेळगाव येथील घरांतही हाच घोटाळा. आजोबांचे गणित बरोबर, मुलाचे उत्तर चूक, आणि का चुकले ते दोघांनाही कळत नाही. त्वरणाचेही तसेच, गुजराती पुस्तकात त्याला ‘प्रवेग’ म्हणतात. दोन-चार वेळा असे झाले, की मूल आजोबांना विचारणे सोडते. मला यातली खरी हानी ही वाटते. गुण पुढे भरून निघतात. घरात विचारण्याची सवय मोडली की ती भरून निघत नाही.

यात कोणतीही भाषा चुकलेली नाही. वैशेषिकांचा परमाणू अविभाज्य, आणि दोन परमाणूंचे द्व्यणुक; त्रसरेणू म्हणजे कवडशात तरंगताना दिसणारा कण. प्रत्येक भाषेने या एकाच पेटीतून हवे ते शब्द उचलले. शिवाय १८३७ सालच्या मराठी लेखकाकडून हा भेद अपेक्षिणे अन्यायाचे होईल. कारण युरोपातही तो तेव्हा स्थिर नव्हता. डाल्टन पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू धरीत असे. अ‍ॅव्होगाड्रोचा १८११ सालचा विचार जवळजवळ पन्नास वर्षे उपेक्षित राहिला आणि १८६० च्या कार्ल्सरूए परिषदेत कानिझारोने तो पुन्हा मांडल्यावर गाडी मार्गी लागली. जगातील नामवंत रसायनज्ञ जेथे अर्धे शतक अडले, तेथे नववीतला मुलगा एक संध्याकाळ अडला तर त्याला मंद म्हणणाऱ्या शिक्षकाने हा इतिहास वाचावा.

आज भ्रमणध्वनीवर प्रश्न टाकला की उत्तर पायऱ्यांसह समोर येते. त्याला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. मार्गदर्शिकाही पूर्वी हेच करीत. फॅरडेने छापलेल्या विधानावर जे केले, ते या उत्तरावर करता येईल का, एवढेच मी विचारतो. आपल्या शाळेत मराठीचे वर्ग एकेक करून कमी झाले, ते पुन्हा भरतील असे आश्वासन मी देणार नाही. परंतु माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, औषधनिर्माते आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार रकान्यांचा, दोनशे-अडीचशे शब्दांचा एक तक्ता त्यांनी सिद्ध करावा. शाळेने तो छापून प्रत्येक घरी द्यावा. आणि रविवारी सकाळी दोन तास प्रयोगशाळा उघडी ठेवावी. तराजू, परीक्षानळ्या आणि लिटमसचा कागद एवढे तेथे आजही आहे. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते.